पुढे काय, हे दाखविणारी चित्रपट्टी

लहान मुलांच्या संगोपनात आईबापांची सर्वाधिक दमछाक करणारे प्रसंग बहुधा मोठे नसतात. खेळ आटोपून स्नानास जाणे, स्नानानंतर गणवेश अंगावर चढविणे, बागेतून घरी परतणे, दिवा मालवून अंथरुणावर पडणे, अशा एका कृतीतून दुसऱ्या कृतीत पाऊल टाकण्याच्या त्या दोनचार मिनिटांतच घरोघरी जी रडारड, जी ओढाताण आणि जी बोलाचाली होते, तिचा हिशेब मांडला, तर मुलांच्या हट्टीपणाविषयीच्या आपल्या निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ या सांध्यांतच सापडेल. मुलाचा विरोध वस्तुतः आंघोळीला नसतो, कारण एकदा पाण्यात बसले की तेच मूल बाहेर यावयास तयार नसते. त्याचा विरोध असतो तो हातातला खेळ अकस्मात तुटण्याला, आणि पुढे काय होणार याचा काहीच अंदाज नसण्याला. या सांध्यांवर मुलाला आधार देणारी एक साधी, अल्पखर्चाची आणि कोणत्याही घरात एका संध्याकाळी सिद्ध करता येईल अशी तजवीज आहे. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणारी पट्टी भिंतीवर लावणे, ही ती तजवीज होय.

प्रौढ माणसाला आपल्या दिवसाची रूपरेषा मनात धारण करता येते, आणि तरीही तो केवळ मनावर विसंबून राहत नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. दूधवाल्याचे खाडे, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, विजेच्या बिलाची मुदत, भाचीचा साखरपुडा, हे सारे तिच्या चौकोनांत पेन्सिलीने नोंदलेले असते, आणि घरातील कर्ती माणसे येताजाता त्यावर नजर टाकून निश्चिंत होतात. त्याच घरातल्या चार वर्षांच्या मुलासाठी मात्र अशी एकही नोंद कोठे नसते. ‘थोड्या वेळाने’, ‘पाच मिनिटांत’, ‘परवा’ या शब्दांना त्याच्या लेखी मोजता येईल असा अर्थ नसतो. त्याचा सारा दिवस मोठ्यांच्या तोंडच्या सूचनांनीच पुढे सरकत असतो, आणि उच्चारलेला शब्द तर उच्चारताक्षणी नाहीसा होतो. तो पुन्हा उच्चारला की त्याचा तगादा होतो आणि चढ्या स्वरात उच्चारला की त्यातला अर्थ मागे राहून केवळ राग मुलापर्यंत पोचतो. चित्राचे तसे होत नाही. ते जागच्या जागी राहते, मुलाला हवे तितक्या वेळा पाहू देते, आणि दहाव्या वेळी पाहिले तरी पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे तीच गोष्ट सांगते.

मुलाला क्रमाची केवढी ओढ असते, याचा एक मार्मिक दाखला शिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी यांनी नोंदवून ठेवला आहे. नेपल्स येथे काही मंडळी पायी जात असता, दीडएक वर्षाच्या मुलाला उचलून घेतलेल्या एका तरुण मातेने उकाड्याने त्रस्त होऊन अंगातला कोट काढला आणि हातावर टाकला. मूल रडू लागले. इतरांनी त्याला आपल्याकडे घेतले, समजाविले, चुचकारले. रडणे वाढतच गेले. अखेर माँटेसरीबाईंनी त्या मातेला कोट पुन्हा अंगात घालावयास लाविले, आणि मूल तत्काळ शांत झाले. कोट अंगात असतो, हातावर नसतो, एवढीच त्या बालजिवाची तक्रार होती, पण ती इतरांना उमगत नव्हती. ज्याला आपण हट्ट म्हणून दटावतो, त्यात अनेकदा असे मोडलेल्या क्रमाचे दुःख असते, हे एकदा ध्यानी आले म्हणजे उपायाची दिशाही बदलते.

ज्या मुलांत ही क्रमाची निकड अतितीव्र असते, त्यांच्या निमित्ताने चित्रपट्टीची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने विकसित झाली. बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि आज ज्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात तिचे वर्णन करताना, परिसरातला व दिनक्रमातला कोणताही फेरफार सहन न होण्याच्या वृत्तीकडे विशेष लक्ष वेधले. पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर व त्यांचे सहकारी यांनी, अशा मुलांपैकी पुष्कळांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले अधिक सुलभतेने उमगते हे हेरून, ‘टीच’ या नावाने ओळखली जाणारी शिक्षणपद्धती उभारली, आणि १९७२ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने तिला राज्यव्यापी कार्यक्रमाचे स्वरूप दिले. चित्रांकित दिनक्रम हा त्या पद्धतीचा एक प्रमुख आधारस्तंभ होय. त्याच विद्यापीठातून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात स्वमग्न मुलांच्या बाबतीत पुराव्याने सिद्ध मानलेल्या २८ उपायांत दृश्य साधनांची गणना केलेली आहे. तथापि या पट्टीवर कोणा एका प्रकारच्या मुलांचाच हक्क आहे असे नाही. ज्याचे लक्ष चटकन उडते ते मूल, जे उशिरा बोलू लागले ते मूल, ज्याच्या घरात नुकतेच धाकटे भावंड आले आहे ते मूल, आणि ज्याला काहीच विशेष अडचण नाही असे तीनचार वर्षांचे कोणतेही मूल, या सर्वांना तिचा उपयोग होतो.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढील सारी सूचना व्यर्थ ठरेल. ही पट्टी मुलाशी केलेला लेखी करार आहे असे मी मानतो. तिच्यावर जे लावले ते घडले पाहिजे, ज्या क्रमाने लावले त्या क्रमाने घडले पाहिजे, आणि त्यात काही बदल करावा लागला तर तो मुलाच्या डोळ्यांसमोर, त्याला सांगून, पट्टीवरच झाला पाहिजे. आंघोळीनंतर ठोकळ्यांचे चित्र लावले आणि आंघोळ होताच आईने ‘आता उशीर झाला, ठोकळे उद्या’ असे म्हटले, की करार मोडला, आणि दोनचारदा असा मोडला की मूल त्या भिंतीकडे पाहणेच सोडून देईल. मग दोष पट्टीचा नव्हे. मुलाकडून मुकाट्याने कामे करवून घेण्याची युक्ती म्हणून जे हिचा स्वीकार करतील, त्यांच्या हाती ती टिकणार नाही. पुढे काय होणार हे जाणण्याचा अधिकार मुलालाही आहे, अशी ज्यांची खातरजमा झाली आहे, त्यांच्याच घरी ती रुजेल.

साहित्य अगदी सामान्य लागते. जुन्या खोक्याचा पुठ्ठा हातभर लांब आणि वीतभर रुंद कापून घ्यावा. चित्रांचे पत्ते हाताच्या तळव्याएवढे असावेत; निरुपयोगी झालेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद त्यांना उत्तम चालतो. पट्टीवर पत्ते लावण्यासाठी वेल्क्रोचे तुकडे चिकटवावेत, आणि ते न मिळाल्यास भिंतीलगत सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पत्ते अडकवावेत. पट्टीच्या तळाशी एक रिकामा लिफाफा चिकटवावा. त्याचे काम पुढे सांगेन. पट्टी मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावी, ही अट क्षुल्लक वाटली तरी तशी नाही, कारण मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावलेली पट्टी मोठ्यांचीच राहते आणि मुलाला प्रत्येक वेळी मान वर करून कोणा दुसऱ्याचे फर्मान वाचल्यासारखे वाटते. तिची जागाही एकच असावी. पत्ते वरून खाली लावले तर ‘वरचे आधी, खालचे नंतर’ हे बहुतेक मुलांना सहज कळते. डावीकडून उजवीकडे लावल्यास पुढे वाचनाच्या दिशेची ओळख होते. दोहोंपैकी जे मुलाला मानवेल ते घ्यावे.

चित्रे कोणती असावीत, हा प्रश्न मुलाच्या समजुतीवर अवलंबून आहे. ज्याला अद्याप चित्राचा आणि वस्तूचा संबंध लागत नाही, किंवा ज्याची दृष्टी मंद आहे, त्याच्यासाठी प्रत्यक्ष वस्तूच वापरावी. जेवणासाठी चमचा, आंघोळीसाठी छोटा तांब्या, बाहेर जाण्यासाठी त्याची टोपी. त्याच्या पुढची पायरी छायाचित्राची. मोबाइलने काढलेले त्याच्याच निळ्या बादलीचे, त्याच्याच ताटाचे, त्याला शाळेत नेणाऱ्या त्याच रिक्षाचे छायाचित्र कोणत्याही छापील चित्राहून सरस ठरते, मात्र त्यात मागचा पसारा दिसता कामा नये, नाहीतर मूल बादलीऐवजी दोरीवरच्या टॉवेलाकडेच पाहत राहील. रेषाचित्रे त्यानंतर, आणि शब्द सर्वांत शेवटी. तथापि प्रत्येक पत्त्याखाली ठळक देवनागरीत एक शब्द प्रारंभापासूनच लिहावा. आपल्याला चित्र काढता येत नाही म्हणून कोणी अडून राहू नये. ज्याला चार रेषांत ताट आणि वाटी दाखविता येते, त्याचे काम भागते.

आरंभ दोनच पत्त्यांनी करावा. पहिल्या दिवशीच सकाळपासून रात्रीपर्यंतचे पंधरा पत्ते लावण्याचा उत्साह अनेक पालक दाखवितात, आणि त्या गर्दीत मुलाला काहीच दिसत नाही. ‘आधी आंघोळ, मग ठोकळे’ एवढेच पुरे. मूल ठोकळ्यांचा पूल रचण्यात गुंगले असता लांबून हाका मारू नयेत. त्याच्याजवळ जाऊन खाली बसावे, पूल पुरता होऊ द्यावा किंवा तो तसाच राहील अशा जागी सरकवून ठेवावा, आंघोळीचा पत्ता त्याच्या हाती द्यावा आणि ‘आधी आंघोळ, मग ठोकळे’ हेच शब्द, तेवढेच शब्द, त्याच स्वरात म्हणावेत. तो पत्ता मुठीत धरून मूल न्हाणीघरापर्यंत चालत जाते, आणि हातात काही धरून जाण्याने अनेक मुलांची त्या वाटेवरची बेचैनी कमी होते. आंघोळ झाली की तोच पत्ता त्याने स्वतः लिफाफ्यात टाकावा. हा लिफाफा ‘झाले’ या गोष्टीचा. पत्ता आत पडताना मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते पाहण्यासारखे असते, आणि एखादे काम संपते, संपल्यावर ते मागे पडते, ही जाणीव त्याला तेथेच प्रथम हाताने करून मिळते. यानंतर पट्टीवर उरलेल्या ठोकळ्यांच्या पत्त्याकडे बोट दाखवावे, आणि करार पाळावा.

मुलाला पट्टीकडे नेताना पुढे उभे राहून बोलत बसण्यापेक्षा मागे उभे राहून केवळ बोटाने निर्देश करणे अधिक इष्ट. आपला आवाज आणि आपला चेहरा मध्ये आला की ते आपल्याकडे पाहते, पट्टीकडे नाही. आणि आपण मागे राहिलो की काही काळाने आपण खोलीत नसतानाही ते पट्टीपाशी जाते. दोन पत्ते अंगवळणी पडले की तिसरा वाढवावा, मग चौथा. दिवसाचे दोन किंवा तीन भाग पाडून प्रत्येकाची निराळी पट्टी केलेली बरी. आणि प्रत्येक पट्टीवर मुलाच्या आवडीची निदान एक गोष्ट असावी, हा नियम कधीही मोडू नये, कारण जिच्यावर केवळ दात घासणे, औषध आणि अभ्यास आहेत, त्या पट्टीकडे आपणहून जावे असे कोणाही मुलाला वाटणार नाही.

कृती संपण्यापूर्वी इशारा द्यावा, मात्र तो मुलाला दिसेल असा. वाळूचे घड्याळ हाताशी असले तर उत्तम. नसल्यास मोजता येणारी गोष्ट घ्यावी. बागेतल्या झोपाळ्यावर ‘आणखी पाच मिनिटे’ यापेक्षा ‘आणखी तीन झोके’ हे मुलाला कळते, आणि तिसऱ्या झोक्याला ते अनेकदा आपणहून पाय टेकते.

आता फेरफाराविषयी. पाऊस येतो, रिक्षावाला आजारी पडतो, पाहुणे अचानक दारात उभे राहतात. दिवस कोणाच्याही पट्टीप्रमाणे निमूट चालत नाही. त्यासाठी एक निराळ्या रंगाचा, प्रश्नचिन्ह काढलेला पत्ता सुरुवातीपासून बनवून ठेवावा. त्याचा पहिला वापर अप्रिय प्रसंगी करू नये, ही दक्षता फार महत्त्वाची आहे. एके दिवशी अभ्यासाचा पत्ता काढून तेथे तो प्रश्नचिन्हाचा पत्ता लावावा आणि त्या वेळी आजीसोबत लाडू वळावयास बसवावे. दुसऱ्या खेपेस अकस्मात आवडते गाणे लावावे. बदल म्हणजे संकटच असे नाही, ही गोष्ट अशा सुखद अनुभवांतून अगोदर मनात ठसली, म्हणजे बागेऐवजी दवाखान्यात जावे लागेल त्या दिवशीचा पत्ता मुलाला तितका भेसूर वाटत नाही. त्या दिवशी रद्द झालेला पत्ता गुपचूप काढू नये. मुलाच्या समक्ष तो काढावा, बाग आज नाही हे सरळ सांगावे, वाईट वाटले तर रडू द्यावे, आणि बाग पुन्हा केव्हा ते पट्टीवरच दाखवावे.

पट्टीचा सर्वांत मोठा दुरुपयोग शिक्षेसाठी होतो. मुलाने पाणी सांडले म्हणून त्याच्या देखत बागेचा पत्ता फाडून किंवा काढून टाकणे, ‘बघ, काढून टाकते हं’ अशी त्या पत्त्याच्या नावाने धमकी देणे, हे मला अक्षम्य वाटते. शिस्तीचे प्रश्न शिस्तीच्या जागी सोडवावेत. ज्या भिंतीवर मूल विश्वास टाकावयास शिकत आहे तेथे ते नेऊ नयेत. एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण येते. आई पट्टी पाळते आणि आजोबा प्रेमापोटी ‘राहू दे गं, आज आंघोळ नंतर’ म्हणतात. तेथे वाद घालण्यापेक्षा आजोबांनाच एका पट्टीचे यजमानपद द्यावे. संध्याकाळच्या पट्टीवर शुभंकरोती, गोष्ट आणि जेवण हे तीन पत्ते आजोबांच्या हाती सोपवले, की तिचा सर्वांत काटेकोर रक्षक घरातच मिळतो.

नित्याच्या दिवसापेक्षाही नैमित्तिक प्रसंगी ही पद्धत विशेष उपयोगी पडते. केस कापण्याच्या भयाने कित्येक मुले न्हाव्याच्या दुकानाच्या दाराशीच आकांत मांडतात. त्यांच्यासाठी पाच पत्त्यांची छोटी पट्टी करावी: उंच खुर्ची, गळ्याभोवतीचे कापड, पाण्याचा फवारा, कात्री, आणि शेवटी घर. ती आदल्या दोन दिवशी घरी शांतपणे दाखवावी, दुकानात सोबत न्यावी, आणि प्रत्येक टप्पा झाला की पत्ता उलटा करावा. फवाऱ्यानंतर कात्री, कात्रीनंतर घर, हे दिसत असले म्हणजे मुलाला भीती वाटली तरी तिला अंत असल्याचे कळते. लसीकरणाच्या पट्टीत सुईचा पत्ता गाळू नये. दुखेल, थोडे दुखेल, मग आई जवळ घेईल, हे खरे खरे दाखवावे. ज्या पट्टीने सुई लपविली तिच्यावर मूल पुढल्या वेळी कशासाठी विश्वास ठेवील?

स्थित्यंतरांमध्ये सर्वांत मोठे असते ते जूनचे. महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भात उन्हाच्या कडाक्यामुळे काही दिवस उशिरा; आणि बालवाडीतून पहिलीत जाणाऱ्या मुलाला मेच्या सुट्टीनंतर एकदम नवी इमारत, नवी बाई, नवा बाक, आणि स्वच्छतागृह कोठे ते ठाऊक नाही, अशा परिस्थितीत लोटले जाते. शाळेची परवानगी घेऊन मेमध्येच फाटक, वर्गाचे दार, बाक, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि घरी नेण्यासाठी आई जेथे उभी राहील ती जागा, यांची छायाचित्रे काढावीत व त्यांची एक छोटी वही शिवावी. रोज रात्री गोष्टीच्या जागी ती चाळावी. शेवटचे पान आईचे असावे, आणि आईने त्याच जागी, त्याच वेळी उभे राहावे.

बालवाडीच्या आणि अंगणवाडीच्या सेविकांनी हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे समजू नये. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा जो प्रयोग आरंभिला, त्याचे एक मोठे वैशिष्ट्यच असे की परिसरात सहज मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून शिक्षणाची साधने सिद्ध केली गेली. वर्गाच्या भिंतीवर गाणी, खाऊ, खेळ आणि घर एवढे चार पत्ते लावावेत, आणि एका मुलाला दर दिवशी ते उलटे करण्याचा मान द्यावा. ‘बाई, आई कधी येणार?’ या दिवसभर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला मग उत्तर बाईंऐवजी भिंत देऊ लागते.

पट्टीने साधले नाही तर आधी पट्टीच तपासावी: पत्ते अधिक झाले काय, चित्र ओळखू येते काय, वचन मोडले गेले काय. आणि मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, हाक मारल्यास वळून पाहत नसेल, किंवा आलेले शब्द गमावीत असेल, तर पट्टी लावून वाट पाहत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना अविलंब दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून आणि शाळांतून मुलांची तपासणी होते व पुढील उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष केंद्रे आहेत, त्यांचा लाभ घ्यावा.

मूल वाढते तशी पट्टीही बदलते, ती घाईने काढून टाकण्याचे कारण नाही. छायाचित्रांच्या जागी रेषा येतात, रेषांच्या जागी शब्द, आणि दुसरीतिसरीत पोचलेल्या मुलाला वहीच्या पानावर सात रकाने आखून पुरतात. रविवारी सकाळी त्याच्याशेजारी बसून येत्या आठवड्याचे रकाने भरावेत. शाळा, चित्रकलेचा तास, दातांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा बुधवार हे आपण सांगावे आणि त्याने आपल्या अक्षरांत लिहावे. शनिवारच्या दुपारचा रकाना मात्र कोरा सोडावा आणि तो त्याच्या मर्जीने त्यालाच भरू द्यावा.